फायनल कट प्रोच्या जुन्या लायब्ररी नव्या मॅकवर : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार : मोजदाद

जुनी बाजू : २०१२चा मॅक मिनी, मॅकओएस हाय सिएरा १०.१३.६, फायनल कट प्रो (अ‍ॅपलचे व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर) १०.३.४. त्याला फायरवायर ८०० या जुन्या जोडणीच्या तीन डिस्क : मीडिया१ (१.३१ टीबी भरलेली), मीडिया२ (१.२२ टीबी) आणि मीडिया३ (०.९३ टीबी). एकूण ३.४६ टीबी. नवी बाजू : एम४ चिपचा मॅक मिनी, मॅकओएस सिक्वोया, फायनल कट प्रो ११.

लायब्ररी १४. (लायब्ररी म्हणजे इव्हेंट, अर्थात क्लिपचे गट, आणि प्रोजेक्ट एकत्र ठेवणारे पुडके : दिसते एका फाइलसारखे, आतून फोल्डर असते.) शिवाय मीडिया३ वर 'फायनल कट इव्हेंट्स' आणि 'फायनल कट प्रोजेक्ट्स' हे दोन सुटे फोल्डर आहेत, म्हणजे डिसेंबर २०१३ मध्ये १०.१ आवृत्ती येण्याआधीचे काम. लायब्ररी हा प्रकारच त्या आवृत्तीपासून सुरू झाला.

नवी यंत्रे घेतली की लायब्ररीचे पुडके उचलून नव्या डिस्कवर टाकायचे आणि उघडायचे, असा सर्वसाधारण समज असतो. लायब्ररी उघडतेही. पण ती ज्यांच्यावर उभी असते त्या गोष्टी पुडक्याबाहेर असतात : डिस्कवर इतरत्र पडलेले चित्रण, कोडेक (चित्रण दाबून साठवायच्या पद्धती), प्लगइन (इफेक्टची जोडसॉफ्टवेअर), मोशन या जोडीच्या सॉफ्टवेअरचे टेम्प्लेट, फॉन्ट. त्यातले काय तुटले आहे हे जुन्या यंत्रावर कळते आणि दुरुस्तही तिथेच होते. म्हणून या कामाचा मोठा भाग जुन्या मिनीवरच करायचा आहे. तो चालू आहे तोवर घाई नाही, आणि तो बंद पडायच्या आत चालढकलही नको.

७ जानेवारी : पुडक्याच्या आत

एका लायब्ररीवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स'. आत 'करंटव्हर्जन.फ्लेक्सोलायब्ररी' ही मुख्य डेटाबेस फाइल, आणि प्रत्येक इव्हेंटचा एक फोल्डर. इव्हेंटच्या फोल्डरमध्ये 'ओरिजिनल मीडिया', 'ट्रान्सकोडेड मीडिया', 'रेंडर फाइल्स', 'अ‍ॅनॅलिसिस फाइल्स'.

'ओरिजिनल मीडिया'मध्ये खरी मेख आहे. चित्रण घेताना 'लीव्ह फाइल्स इन प्लेस' निवडलेले असेल तर तिथे फाइल नसतेच, तिच्याकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. फाइंडरमध्ये आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो. एका लायब्ररीचा आकार ११ जीबी दिसला आणि तिच्यातल्या टाइमलाइनला लागणारे चित्रण २४० जीबी निघाले. फक्त पुडके नेले असते तर निदान २२९ जीबी मागे राहिले असते.

सिमलिंकमध्ये पूर्ण मार्ग लिहिलेला असतो : व्हॉल्यूम्स, मग डिस्कचे नाव, मग फोल्डर. म्हणून डिस्कचे नाव हेच या कामातले सगळ्यात महत्त्वाचे अक्षरलेखन. नव्या डिस्कला तेच नाव दिले तर दुवे जागच्या जागी लागतात. मात्र एकाच नावाच्या दोन डिस्क एकाच वेळी जोडल्या तर प्रणाली दुसरीला 'मीडिया१ १' अशा मार्गावर बसवते. मग जिच्याकडे दुवा जायला हवा ती सोडून भलत्याच डिस्ककडे जातो आणि क्लिप उघडत राहिल्याने हे लवकर लक्षातही येत नाही. नियम ठरवला : जुनी आणि नवी मीडिया१ कधीही एकत्र जोडायची नाही. कॉपी चालू असताना नवीचे नाव 'मीडिया१ नवी', आणि जुनी काढल्यावर मग नाव बदलायचे.

८ जानेवारी

डिस्क तयार केल्या. ८ टीबीची फिरती डिस्क मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धतीने, न हात लावायच्या प्रतीसाठी. ४ टीबीची एसएसडी एपीएफएस या अ‍ॅपलच्या नव्या पद्धतीने, कामासाठी. एसएसडीवर वेगळी पार्टिशन केली नाहीत. एपीएफएसच्या एकाच कंटेनरमध्ये तीन व्हॉल्यूम काढले, तिघांची जागा सामायिक राहते, त्यामुळे कोणाला किती जीबी हा हिशेब आधी करावा लागत नाही.

एक्सफॅट ही विंडोजवरही चालणारी पद्धत अजिबात नको. तिच्यात सिमलिंकची मुळात सोय नाही, आणि लायब्ररीसाठी ती पद्धत चालतच नाही.

९ ते ११ जानेवारी : पहिली कॉपी

फायरवायर ८०० प्रत्यक्षात सेकंदाला ७५ एमबीच्या आसपास देते. ३.४६ टीबीला त्या हिशेबाने पावणेतेरा तास लागतात, तेवढेच लागले. तीन रात्रींत वाटून घेतले. (नंतरची भर : मॅकओएस २६ टाहोमधून फायरवायरचा आधारच काढलेला आहे, तेव्हा फायरवायरच्या डिस्क कपाटात असतील तर त्या आत्ताच रिकाम्या कराव्यात.) २०१२च्या मिनीवर फायरवायर ८०० आणि यूएसबी ३ दोन्ही आहेत, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरची साखळी लावावी लागली नाही.

कॉपीसाठी टर्मिनलमधली डिट्टो वापरली. ती सिमलिंक सिमलिंक म्हणूनच नेते आणि फाइलला चिकटलेली जादा माहितीही जपते. कॉपी चालू असताना स्पॉटलाइटचे इंडेक्सिंग त्या डिस्कसाठी बंद ठेवले, नाहीतर फिरत्या डिस्कचा वेग निम्म्यावर येतो. एसएसडीवरची प्रत मग ८ टीबीच्या डिस्कवरून काढली, ती सव्वापाच तासांत झाली.

१२ जानेवारी : पडताळणी आणि ऱ

प्रत्येक फाइलचा एसएचए २५६ बेरीजआकडा (चेकसम : फाइल जराही बदलली की हा बदलतो) दोन्ही बाजूंनी काढून याद्या ताडून पाहिल्या. डिस्क ते डिस्क सगळे जुळले. पण हाताने टाइप केलेली जुनी मालयादी ताडली तेव्हा ४३ फाइली 'सापडत नाहीत' असे आले. फाइंडरमध्ये त्या डोळ्यांसमोर दिसत होत्या.

त्रेचाळीसही नावांत ऱ होता : 'दुसऱ्या दिवशी सकाळ', 'किनाऱ्यावर ०३', 'पायऱ्या उजवी बाजू'. कारण असे. युनिकोडमध्ये ऱ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. कीबोर्डवरून पहिले रूप उमटते. जुनी मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धत फाइलचे नाव साठवताना त्याचे दुसरे, फोडलेले रूप करते. एपीएफएस जे रूप येईल ते तसेच ठेवते. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखी, बाइट मात्र वेगळे. एपीएफएसवर नाव शोधताना हा फरक धरला जात नाही, म्हणून फायनल कटला काही अडत नाही. अडते ते याद्या ताडणाऱ्या साधनाला, आणि लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-डब्याला : तिथे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात.

उपाय सोपा : ताडण्याआधी दोन्ही याद्या एनएफडी, म्हणजे फोडलेल्या, रूपात आणायच्या. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने चार ओळींत होते. मग ४३ची शून्य झाली. मराठी नावे ठेवायची सोय सोडण्याची काहीच गरज नाही, पण ही एक पायरी मात्र गाळू नये.

मूळ फायरवायर डिस्क काढून ठेवल्या. इथून पुढे सगळे काम एसएसडीवर.

१४ जानेवारी : तुटके दुवे

मोकळी जागा करण्याआधी तुटक्या सिमलिंक शोधल्या. टर्मिनलमधल्या फाइंडने प्रत्येक सिमलिंकचे टोक जागेवर आहे का ते पाहता येते. १४ पैकी ३ लायब्ररींत मिळून ६१ तुटक्या निघाल्या.

त्यातल्या ३८ फाइली फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेल्या होत्या. क्लिप निवडून 'रीलिंक फाइल्स', आणि फोल्डर दाखवला की एका फाइलमागून बाकीच्या आपोआप जुळतात. रीलिंकला कोडेक आणि रिझोल्यूशन वेगळे चालते. फ्रेम रेट मात्र तोच लागतो, आवाजाचे चॅनेल मिळतेजुळते लागतात, आणि नवी फाइल टाइमलाइनवर वापरलेला सगळा भाग झाकेल इतकी लांब असावी लागते. नाकारली गेली तर बहुतेक वेळा २५ आणि २९.९७चा घोळ असतो.

९ क्लिप कॅमेऱ्याच्या कार्डावरून आयात अर्धवट राहिलेल्या. त्यांच्यावर कॅमेऱ्याचे छोटे चिन्ह दिसते. कॅमेरा आर्काइव्ह डिस्कवर होते, त्यातून 'रीइम्पोर्ट' केले.

उरलेल्या १४ सर्वांत धोक्याच्या. त्यांची मूळ फाइल कुठेच नाही, पण क्लिप व्ह्यूअरमध्ये व्यवस्थित चालते. कारण 'ट्रान्सकोडेड मीडिया'खालच्या 'हाय क्वालिटी मीडिया'मध्ये त्यांची प्रोरेस (अ‍ॅपलचा संपादनासाठीचा कोडेक) प्रत आहे. म्हणजे एरवी निर्धास्तपणे उडवता येणारी ऑप्टिमाइझ्ड प्रत हीच इथे जगातली एकमेव प्रत. जागा करायच्या भरात 'डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स' चालवले असते तर ते चित्रण कायमचे गेले असते. या १४ प्रती आधी पुडक्याबाहेर 'वाचवलेले मूळ' या फोल्डरमध्ये काढल्या, क्विकटाइममध्ये लांबी आणि आवाजाचे चॅनेल तपासले, आणि क्लिप त्यांच्याशी रीलिंक केल्या.

आधी दुवे, मग साफसफाई. हा क्रम उलटा करू नये.

१५ जानेवारी

साफसफाई. सगळ्या रेंडर फाइली (इफेक्टसकट आधीच बनवून ठेवलेले चित्र) : ४८० जीबी. ऑप्टिमाइझ्ड आणि प्रॉक्सी, म्हणजे हलक्या, प्रती : ३९० जीबी. उरले २.५९ टीबी. 'अ‍ॅनॅलिसिस फाइल्स'ला हात लावला नाही, स्टॅबिलायझेशनची माहिती तिथे असते आणि ती गेली तर प्रत्येक शॉटचे विश्लेषण पुन्हा करावे लागते.

१६ जानेवारी : २०१३ आधीचे काम

दोन सुट्या फोल्डरांतले इव्हेंट आणि प्रोजेक्ट मिनीवरच 'अपडेट प्रोजेक्ट्स अँड इव्हेंट्स'ने लायब्ररीत आणले. हे फोल्डर वापरकर्त्याच्या मूव्हीज फोल्डरमध्ये किंवा डिस्कच्या सर्वात वरच्या पातळीवर असले तरच जुन्या फायनल कटला दिसत. कोणी नीटनेटकेपणासाठी ते आणखी आत ढकलले असतील तर आधी बाहेर काढावेत. आता लायब्ररी १५.

त्याच डिस्कवर फायनल कट प्रो ७ ची ६ प्रोजेक्टही मिळाली. तो पूर्ण वेगळा वंश आहे, त्याची प्रोजेक्ट फाइल नव्या फायनल कटला वाचता येत नाही, आणि ७ स्वतः हाय सिएरावर सुरूही होत नाही. सिएरा किंवा त्याआधीच्या प्रणालीवरून ७ उघडून एक्सएमएल (संपादनाची मजकूररूप नोंद) काढायचे आणि त्याचे रूपांतर करायचे, हा रस्ता. कट आणि टाइमकोड येतात, फिल्टर आणि शीर्षके बरीचशी जातात. या सहाची तयार मास्टर फाइल असल्याने फक्त एक्सएमएल काढून ठेवायचे ठरले.

त्या मास्टरमधली एक फाइल २० मिनिटांची आणि आकार ३ एमबी. प्रोरेस ४२२ला १०८० आणि २५ फ्रेमवर सेकंदाला १२२ मेगाबिट लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे ९१५ एमबी. वीस मिनिटांना १८ जीबी हवेत. ३ एमबी म्हणजे ती रेफरन्स मूव्ही : आत चित्र नाही, दुसऱ्या फाइलींचे पत्ते आहेत. मूळ रेंडर मीडिया३ वरच होते म्हणून ती चालत होती. क्विकटाइम प्लेअर ७ मध्ये उघडून स्वयंपूर्ण मूव्ही म्हणून जतन केली. तो प्लेअर ३२ बिटचा, मॅकओएस मोजावेनंतर चालत नाही. मास्टरच्या फोल्डरमध्ये लांबीच्या मानाने हलकी फाइल दिसली की लगेच संशय घ्यावा.

१८ जानेवारी : मधला थांबा

मिनीवरच्या फायनल कट १०.३.४ ची झिप करून ठेवली. वेगळ्या बाह्य एसएसडीवर मोजावे १०.१४.६ बसवून मिनी तिथून सुरू केला आणि फायनल कट १०.४.१० घेतला. हाय सिएरा आतल्या डिस्कवर जसाच्या तसा.

थेट ११ वर उडी न मारता इथे थांबायचे कारण कोडेक. २०१९च्या कॅटालिनापासून ३२ बिटचा आधार गेला आणि त्याबरोबर क्विकटाइम ७ च्या काळातले कोडेक गेले. मोजावे ही दोन्ही बाजू दिसणारी शेवटची जागा. १०.४.६ पासून फायनल कट अशा फाइली ओळखतो आणि मोजावेवर त्यांचे रूपांतरही करून देतो. कॅटालिना किंवा पुढे गेल्यावर तीच फाइल नुसती न चालणारी फाइल असते.

लायब्ररी नव्या आवृत्तीत उघडली की ती अद्ययावत होते आणि परत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्याआधी पुडक्याची प्रत काढून नावात आवृत्ती घातली. एपीएफएसवर अशी प्रत फाइंडरमध्ये काढली तर जवळजवळ जागा घेत नाही आणि क्षणात होते.

२० ते २२ जानेवारी : रूपांतर

प्रत्येक लायब्ररी उघडून फाइल मेनूतले 'चेक मीडिया फॉर कम्पॅटिबिलिटी'. १५ पैकी ४ लायब्ररींत अडचण : सिनेफॉर्म या कोडेकच्या फाइली आणि थोड्या सोरेन्सन व्हिडिओ ३ च्या. एकूण ३ तास ४० मिनिटे. रूपांतर प्रोरेस ४२२ मध्ये होते, तासाला ५५ जीबी धरून २०० जीबीच्या आसपास वाढले. मूळ फाइली तशाच राहतात.

२०१२चा मिनी या कामाला संथ आहे. रात्री लावून ठेवावे आणि झोप मोड बंद करावा.

याच तीन दिवसांत जुने चित्रण आडव्या रेषांच्या फाटलेल्या कडांसाठी पाहिले. अशा चित्रणात एक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, असते : पीएएल डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी असते, एचडीव्हीमध्ये वरची. रूपांतरित किंवा रीलिंक केलेल्या फाइलवर ही खूण चुकली तर स्थिर चित्रात काहीच कळत नाही, पण कॅमेरा फिरला की हालचाल पुढे-मागे उडते. एकूण ७ क्लिपमध्ये इन्फो इन्स्पेक्टरच्या सेटिंग्जमधून फील्डचा क्रम हाताने दुरुस्त केला.

२४ जानेवारी : प्लगइन, टेम्प्लेट, फॉन्ट

जुनी एफएक्सप्लग ३ ची (प्लगइन बांधायच्या अ‍ॅपलच्या जुन्या पद्धतीची) आणि फक्त इंटेलसाठी बांधलेली प्लगइन एम चिपवरच्या फायनल कटमध्ये थेट चालत नाहीत. नवी आवृत्ती मिळाली ती घेतली. तीन इफेक्ट बनवणारेच उरले नाहीत. त्यांचे शॉट, एकूण ५२, मिनीवर प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये, पारदर्शक भाग असेल तिथे ४४४४ मध्ये काढून टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या डोक्यावर जोडले. मूळ क्लिप व्ही ही कळ दाबून निष्क्रिय केली, पुसली नाही : इफेक्टचे आकडे पुढे कोणाला बघावेसे वाटले तर ते तिथेच आहेत.

मोशनचे टेम्प्लेट मूव्हीजमधल्या 'मोशन टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये असतात. तो नेताना नावाच्या शेवटची 'लोकलाइझ्ड' ही पुरवणी गळाली तर फायनल कटला त्यातले काहीही दिसत नाही. त्याहून चांगला उपाय : लायब्ररीच्या 'स्टोरेज लोकेशन्स'मध्ये मोशन कंटेंट 'लायब्ररीत' असे ठरवून एकत्रीकरण करणे. मग टेम्प्लेट लायब्ररीसोबतच फिरतात.

फॉन्ट सगळे गोळा केले. हरवलेल्या फॉन्टच्या जागी प्रणाली दुसरा लावते, तेव्हा हरवलेल्या चित्रणाच्या जागी येते तशी लाल चौकट येत नाही. देवनागरी शीर्षकांत हे जास्त बोचते : शिरोरेषेची जाडी बदलते, जोडाक्षरे वेगळी मोडतात, ओळ एका शब्दाने खाली घसरते.

२५ जानेवारी

मिनीवरून प्रत्येक तयार प्रोजेक्टची संदर्भप्रत काढली, प्रोरेस ४२२ एचक्यू. सोबत प्रत्येक लायब्ररीचे एक्सएमएल. मूव्हीजमधला 'फायनल कट बॅकअप्स' फोल्डरही घेतला. त्यात डेटाबेसच्या प्रती असतात, चित्रण नसते.

२८ जानेवारी : नव्या मॅकवर

एसएसडी जोडली. पहिलीच लायब्ररी फक्त वाचण्यापुरती उघडली. कारण मालकी : जुन्या खात्याचा क्रमांक ५०१, नव्या मॅकवर हे खाते ५०२. डिस्कच्या 'गेट इन्फो'मध्ये 'इग्नोअर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'वर खूण केली आणि प्रश्न मिटला. तीन व्हॉल्यूम, तिन्हींवर वेगवेगळी खूण करावी लागते.

१५ पैकी १५ लायब्ररी ११ मध्ये अद्ययावत झाल्या. लाल चौकट कुठेही नाही. पण लाल चौकट नसणे म्हणजे चित्र तेच असणे नव्हे, म्हणून पुढची पायरी.

२९ ते ३१ जानेवारी : फरकाची चाचणी

संदर्भप्रत टाइमलाइनवर वरच्या थराला जोडायची, व्हिडिओ इन्स्पेक्टरमध्ये ब्लेंड मोड 'डिफरन्स'. दोन्ही थर सारखे असतील तिथे पडदा काळा. सगळ्याच्या वर एक अ‍ॅडजस्टमेंट शीर्षक टाकून एक्स्पोजर चढवले की बारीक फरकही उजळून येतात. प्रोरेसच्या कॉम्प्रेशनची हलकी खरखर दिसते, ती धरायची नाही. आकार, कडा किंवा अक्षरे दिसली तर थांबायचे.

पडदा काळाच राहिलेला मिनिटभराचा भाग बघताना डोळ्याला काहीच करायचे नसते. मग ३१ व्या सेकंदाला 'पायऱ्या' हा शब्द दुहेरी करड्या रेषेत उमटतो, दोन पिक्सेल खाली सरकलेला. तोच तो फॉन्ट, पण जुनी आवृत्ती.

२३ प्रोजेक्टपैकी १७ पहिल्या फेरीत स्वच्छ. चारांत शीर्षके सरकली : जुन्या मॅकवरची फॉन्टची तीच फाइल आणून बसवली. एकात स्टॅबिलायझेशनची कडा वेगळी कापली जात होती, त्या दोन शॉटचे विश्लेषण पुन्हा झाले होते. संदर्भप्रतीतले दोन शॉट तिथे बसवले. उरलेल्या एकात सगळे चित्र एकसारखे किंचित उजळ : क्लिपची कलर स्पेस स्वतः ओळखताना चूक झाली होती, इन्फो इन्स्पेक्टरमध्ये 'रेक. ७०९' (एचडीची प्रमाण कलर स्पेस) हाताने दिले.

आवाज कानाने, हेडफोन लावून, संदर्भप्रत आणि टाइमलाइन आलटून पालटून. याला सोपा रस्ता सापडला नाही आणि शोधूही नये, एकदा पूर्ण ऐकणेच योग्य.

४ फेब्रुवारी

शेवटचा हिशेब : एसएसडीवर संदर्भप्रती वगळून २.७९ टीबी. अंतिम लायब्ररी आणि चित्रण ८ टीबीच्या डिस्कवर न हात लावलेल्या प्रतीशेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये, बेरीजआकड्यांच्या यादीसह. यादी एनएफडी रूपात आहे असे तिच्या पहिल्याच ओळीत लिहिले.

मोजावेची बाह्य एसएसडी पुसलेली नाही. तिच्यावर चिठ्ठी : 'मिनी २०१२, मोजावे १०.१४.६, फायनल कट १०.४.१०, क्विकटाइम ७'. फायनल कट ७ ची सहा प्रोजेक्ट अजून बाकी आहेत, त्यांच्या एक्सएमएलसाठी मिनीवर सिएरा असलेली तिसरी डिस्क लागेल. तोवर मिनी तारांसकट जागेवर राहील.